चित्रांतलें श्वापद : पारख आणि निगा



घरांत एखादें जुनें चित्र असलें म्हणजे त्याविषयीं तीन प्रश्न हटकून विचारले जातात. हें चित्र अस्सल आहे काय, हा पहिला. ह्याची किंमत काय येईल, हा दुसरा. आणि हें इतकें काळवंडलें आहे, तर घरच्या घरीं पुसून काढलें तर चालेल काय, हा तिसरा. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु बहुतेक घरांतून त्यांचा निकाल उलट्या क्रमानें लागतो. चित्र आधीं पुसलें जातें, मग त्याची किंमत विचारली जाते, आणि तें अस्सल आहे कीं नाहीं हें सांगूं शकणारी खूण तोंपर्यंत पुसण्याच्या फडक्याबरोबर निघून गेलेली असते. आज मला जें सांगावयाचें आहे तें थोडक्यांत एवढेंच, कीं चित्राची पारख आणि चित्राची निगा ह्या दोन निरनिराळ्या विद्या नव्हेत. ज्या खुणांवरून चित्र ओळखावयाचें, त्या खुणा जपणें हीच त्याची निगा.

सर्व प्रकारच्या चित्रांविषयीं एका भाषणांत बोलणें शक्य नाहीं. म्हणून मी एकच प्रकार घेतों, आणि तो म्हणजे वन्य प्राण्यांचें वास्तववादी तैलचित्र. वाळलेल्या गवतांत दबा धरून बसलेला सिंह, पाणवठ्यावर आलेला वाघ, धुक्यांत मान उंचावून उभा असलेला बारशिंगा, असलीं चित्रें आपण पाहिलीं असतील. पारख शिकावयाची तर हा प्रकार फार सोईचा आहे. दीडशें वर्षांपूर्वींच्या एखाद्या गृहस्थाचें व्यक्तिचित्र हुबेहूब आहे कीं नाहीं, हें आज कोणी सांगावें? तो गृहस्थ गेला आणि त्याला पाहिलेलेहि गेले. वाघाचें तसें नाहीं. त्या काळचा वाघ आणि आजचा वाघ ह्यांच्या अंगकाठींत फरक पडलेला नाहीं. तेव्हां चित्र खरें बोलतें कीं खोटें, ह्याची साक्ष काढावयास मूळ नमुना अजून जिवंत आहे.

वास्तववादी ह्या शब्दाचा अर्थ मात्र आधीं नीट लावला पाहिजे. केसन् केस रंगविला म्हणजे चित्र वास्तववादी झालें, असा एक समज आहे. तो किती फसवा आहे पाहा. १५१५ सालीं गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना मिळालेला एक गेंडा गोव्याहून जहाजानें लिस्बनला पोंचला. त्याचें वर्णन आणि एक कच्चें रेखाटन जर्मनींतील आल्ब्रेख्त ड्यूरर ह्या थोर कलावंताच्या हातीं आलें. त्यानें स्वतः गेंडा पाहिलाच नव्हता. तरी त्यावरून त्यानें लांकडी ठशाचें जें चित्र केलें, त्यांत कातडीचा प्रत्येक पट्टा आणि प्रत्येक खवला इतक्या बारकाईनें कोरला आहे, कीं पाहणाऱ्यास वाटावें, हा मनुष्य महिनाभर त्या जनावराशेजारी बसला असावा. आणि त्याच चित्रांत गेंड्याच्या मानेमागें एक जास्तीचें लहानसें शिंग आहे, जें सृष्टींतल्या कोणत्याहि गेंड्याला नसतें! पुढें दोन शतकांहून अधिक काळ युरोपांतील कितीतरी चित्रकार तें शिंग काढीत राहिले. तपशील पुष्कळ होता. प्रत्यक्ष पाहणें मात्र नव्हतें.

ह्याच्या शेजारीं दुसरें चित्र ठेवूं. १७४१ सालीं एक डच कप्तान बंगालहून गेंड्याची एक तरुण मादी घेऊन हॉलंडला उतरला. पिलूं असतांनाच तिची आई शिकाऱ्यांनीं मारली होती आणि डच कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घरीं ती माणसाळून वाढली होती. क्लारा हें तिचें नांव. पुढें सतरा वर्षें ती युरोपभर गांवोगांव दाखविली गेली आणि १७५८ सालीं लंडनमध्यें मेली. १७४९ सालीं ती पॅरिसच्या जत्रेंत आली असतां जाँ-बाप्तिस्त ऊद्री ह्या फ्रेंच चित्रकारानें तिला समोर पाहून तिचें जवळजवळ पूर्णाकृति तैलचित्र काढलें. तें सुमारें दहा फूट उंच आणि पंधरा फूट रुंद आहे. त्यांत चिलखताचे पट्टे नाहींत. आहे ती जाड, सुरकुतलेली, धुळकट कातडी, आणि तिच्याखालीं हलणारें प्रचंड वजन. मानेवरचें तें कल्पनेचें शिंग तेथें अर्थातच नाहीं. वास्तववाद म्हणतात तो हा. तपशील किती, हा त्यांत प्रश्न नसतो. तो तपशील पाहून घेतलेला आहे काय, हा असतो.

क्लाराची गोष्ट येथेंच संपत नाहीं. दोन वर्षांनीं, म्हणजे १७५१च्या सुमारास, व्हेनिसमध्यें पिएत्रो लोंगी ह्यानेंहि तिचें चित्र काढलें. त्यांत क्लारा गवत खात शांत उभी आहे, मागें मुखवटे घातलेले शौकीन लोक आहेत. आणि तिच्या नाकावर शिंगच नाहीं! तें शिंग राखणदाराच्या उंचावलेल्या हातांत आहे. मध्यंतरीं तें निघून आलें होतें. समजा, ह्या चित्रांवर ना सही असती, ना साल; तरी क्लाराची हकीकत ज्याला ठाऊक आहे, त्यानें एका शिंगावरून कोणतें चित्र आधींचें आणि कोणतें नंतरचें हें सांगितलें असतें. चित्रांतील जनावर स्वतःच आपली तारीख सांगतें, ती अशी.

तेव्हां पारखीचा पहिला नियम हा, कीं सही शोधूं नका, जनावर पाहा. वाघ किंवा सिंह असेल तर त्याचे डोळे पाहा. घरच्या मांजराची बाहुली उन्हांत उभ्या चिरेसारखी होते. वाघसिंहांची बाहुली गोलच राहते. चित्रांतल्या वाघाला मांजराचे डोळे असतील, तर चित्रकारासमोर कोणतें जनावर बसलें होतें, हें निराळें सांगावयास नको. वाघाच्या कानामागें पांढरा ठिपका असतो. तो आहे काय? हत्ती आफ्रिकेचा असून कान हिंदुस्थानांतल्या हत्तीचे तर नाहींत ना? हरणाचें जनावर असेल, तर त्या ऋतूंत त्याला शिंगें असतात काय, आणि असल्यास तीं मखमली कातड्यांत असतात कीं उघडीं? शेवटीं पाय पाहा. जनावराचें वजन पायांवर आलें आहे काय, पायांखालची सांवली जमिनीला चिकटली आहे काय? ज्यानें जनावर नुसतें पुस्तकांत पाहिलें आहे, तो पाय हटकून गवतांत लपवितो.

मात्र चूक सांपडली कीं चित्र टाकाऊ, असें समजूं नये. जॉर्ज स्टब्ज ह्या इंग्रज चित्रकारानें १७७२ सालीं एक कांगारू रंगविला. तो जनावर पाहून नव्हे. कप्तान कुकच्या सफरीवरून जोसेफ बँक्स ह्यानें आणलेल्या कातड्यावरून. त्याच्या अंगकाठींत उणिवा आहेत, आणि तरीहि युरोपांत रंगविलेल्या पहिल्या कांगारूंपैकीं तो असल्यामुळें तें चित्र देशाबाहेर जाऊं नये म्हणून ब्रिटनमध्यें मोठी खटपट झाली आणि २०१३ सालीं तें ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयानें मिळविलें. उलट विल्हेल्म कूनर्ट हा जर्मन चित्रकार १८९१ सालापासून स्वतः पूर्व आफ्रिकेंत जाऊन, छावणींत राहून, सिंह आणि हत्ती त्यांच्या रानांत पाहून रेखाटनें करी आणि मग बर्लिनच्या कलागृहांत मोठीं तैलचित्रें रंगवी. त्याच्या चित्रांतला सिंह आणि त्यामागचें पिंवळें गवत ह्यांच्यावर एकच ऊन पडलेलें असतें. दोन्ही चित्रें मोलाचीं, पण निरनिराळ्या कारणांनीं. चित्र कशाचें साक्षीदार आहे, हें ओळखणें म्हणजे पारख.

जनावर पाहून झालें, कीं मग रंगाचें अंग पाहावें. खोलींत अंधार करून विजेरीचा झोत चित्राच्या एका बाजूनें, भिंतीला जवळजवळ समांतर, असा सोडावा. समोरून सपाट दिसणाऱ्या चित्रावर मग टेकड्या आणि दऱ्या दिसूं लागतात: कुंचल्याचे फटकारे, भेगांचें जाळें, पूर्वीं कोणी केलेली दुरुस्ती, फुगलेला किंवा सुटूं पाहणारा रंग. चांगल्या चित्रकाराच्या कुंचल्याची दिशा स्नायूंबरोबर वळते; खांद्यावर एक, पोटाशीं दुसरी, मानेवर तिसरी. नंतर एक साधें भिंग घ्यावें. रंगाऐवजीं बारीक बारीक ठिपक्यांची रांगोळी दिसली, तर तें कापडावर छापलेलें चित्र आहे असें समजावें. हल्लीं अशा छापावर पारदर्शक लेप देऊन कुंचल्याच्या फटकाऱ्यांचा भास उत्पन्न करतात. पण तो उंचवटा आणि खालचा रंग ह्यांची दिशा जुळत नाहीं, हें तिरक्या उजेडांत ताबडतोब उमगतें. छापील चित्र घरांत असणें हा कांहीं गुन्हा नव्हे. तें तैलचित्राच्या किंमतीस घेणें मात्र नुकसानीचें.

आतां चित्र भिंतीवरून उतरवून उलटें करावें. जाणते पारखी पुढच्या बाजूइतकाच वेळ मागच्या बाजूस देतात. कापडाची वीण, तें ताणून बसविलेल्या लांकडी चौकटीचें जुनेपण, खिळ्यांची जात, रंगविक्रेत्याचा शिक्का, प्रदर्शनाची चिठ्ठी, पूर्वींच्या मालकानें खडूनें घातलेला आंकडा, ही सर्व चित्राची जन्मपत्रिका होय. म्हणून चौकट बदलण्यास दिलेल्या चित्राचा मागचा कळकट कागद दुकानदारानें काढून टाकला, तर त्यानें दस्तऐवज जाळला असें समजावें. जुनी चौकट बदलावयाचीच असेल, तर आधीं मागच्या बाजूचें छायाचित्र घ्यावें आणि सुटलेली प्रत्येक चिठ्ठी पाकिटांत घालून जपून ठेवावी.

अर्थात् चिठ्ठीवरहि आंधळा विश्वास नको. २००६ सालीं जर्मनींत घोड्यांचें एक चित्र हाइनरिख कांपेन्डोंक ह्या चित्रकाराचें म्हणून अठ्ठावीस लाख युरोंहून अधिक किंमतीस लिलावांत गेलें. त्यावर १९१४ साल होतें आणि मागें एका प्रसिद्ध विक्रेत्याच्या संग्रहाची चिठ्ठीहि होती. पुढें रासायनिक तपासणींत त्यांत टायटॅनियमचा पांढरा रंग सांपडला, जो चित्रकारांच्या पेटींत १९१४ सालीं आलेलाच नव्हता. चित्र बनावट होतें आणि चिठ्ठीहि बनावट होती. वोल्फगांग बेल्ट्राकी ह्या नकलाकारास २०११ सालीं शिक्षा झाली. तात्पर्य, सही, चिठ्ठी, रंग, कापड आणि हकीकत ह्या पांच जणांनीं एकच गोष्ट सांगितली तरच ती खरी मानावी. एकट्या सहीची साक्ष सर्वांत दुबळी, कारण ती करावयास सर्वांत सोपी.

राहतां राहिला किंमतीचा प्रश्न. ह्याचें उत्तर ऐकून पुष्कळांची निराशा होते. चित्र शंभर वर्षांचें आहे, म्हणून तें महाग असतें असें नाहीं. चित्रकार कोण, त्याच्या कामांत हें कितपत चांगलें, तें कोणाकोणाच्या हातांतून आलें, त्याची प्रकृति कशी आहे, आणि आज त्या चित्रकाराला गिऱ्हाईक आहे काय, ह्या सर्वांचा मिळून भाव ठरतो. एडविन लँडसीअर ह्याचें डोंगरांतल्या सांबरासारख्या भव्य नराचें प्रसिद्ध चित्र घ्या. तें १८५१ सालचें. ब्रिटिश पार्लमेंटांतल्या एका दालनासाठीं तें योजलें होतें. परंतु पैसा मंजूर झाला नाहीं आणि तें खासगी मालकाकडे गेलें. पुढें साबणाच्या आणि मद्याच्या जाहिरातींतून तें घरोघर पोंचलें. २०१७ सालीं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहानें तें चाळीस लाख पौंडांना घेतलें, आणि तीहि मालकांनीं अर्धी किंमत सोडल्यावर. तें एक चित्र इतक्या मोलाचें. पण त्याच्या ज्या असंख्य छापील प्रती आणि हौशी नकला जगभर पसरल्या, त्यांपैकीं एखादी आपल्या दिवाणखान्यांत असली, तर तिला त्या लाखांतला एक पौंडहि लागू होत नाहीं.

किंमत विचारावयाची ती कशासाठीं, हेंहि आधीं ठरवावें. विम्यासाठीं सांगितलेली किंमत, भाऊबंदांच्या वांटणीसाठीं धरलेली किंमत आणि लिलावांत हातीं येणारी रक्कम ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. किंमत सांगणाऱ्यानें स्वतःच चित्र विकत घेण्याची तयारी दाखविली, तर त्याची किंमत ऐकून घ्यावी आणि त्याला नमस्कार करावा. किंमतीच्या शेंकड्यावर ज्याची फी ठरते, त्याच्याकडेहि जाऊं नये. ठराविक फी घेऊन, कारणें देऊन, लेखी मत देणारा मनुष्य शोधावा.

आतां निगेकडे वळूं. तैलचित्र म्हणजे एकावर एक बसविलेले थर असतात. तळाशीं कापड, त्यावर सरसाचा हात, त्यावर पांढरी जमीन, त्यावर जवसाच्या तेलांत घोटलेले रंग, आणि सर्वांवर बहुधा वार्निशाचा पातळ पडदा. जवसाचें तेल पाण्यासारखें उडून वाळत नाहीं. तें हवेंतला प्राणवायु घेऊन घट्ट होतें आणि तें घट्ट होणें वर्षानुवर्षें चालूं असतें. दमट हवेंत सरस आणि कापड फुगतें, कोरड्या हवेंत आकसतें. वरचा रंग मात्र वयानें ताठर झालेला असतो. खालचें हलतें आणि वरचें हलत नाहीं, म्हणून भेगा पडतात आणि शेवटीं रंगाचे पापुद्रे सुटतात. मुंबईसारख्या गांवीं जून ते सप्टेंबर हवा पाण्यानें जड असते आणि त्यांतच दिवसांतून चार तास वातानुकूलन यंत्र चालवून आपण ती कोरडी करतों. ही रोजची ओढाताण चित्राला एकसारख्या दमटपणापेक्षांहि जाचक होते.

ह्यावरून पुढचे नियम आपोआप निघतात. पावसाची झड ज्या भिंतीवर येते त्या बाहेरच्या भिंतीवर चित्र लावूं नये; आंतल्या भिंतीवर लावावें. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवावे, म्हणजे भिंत आणि चित्र ह्यांमध्यें हवा खेळते. समोरून ऊन येऊं देऊं नये. चित्राच्या डोक्यावर तापणारा दिवा लावूं नये. स्वयंपाकघराच्या दाराजवळ फोडणीचा धूर आणि देवघराजवळ उदबत्तीचा धूर रोज थोडा थोडा बसतो आणि वार्निशांत रुततो. परंतु फार जपावें म्हणून चित्र फडक्यांत बांधून काळोख्या माळ्यावरहि टाकूं नये. जवसाचें तेल अंधारांत पिंवळें पडतें. शिवाय तेथें कसर आणि बुरशी ह्यांचेंच राज्य असतें. चौकटीच्या मागें एक जाड पुठ्ठा स्क्रूनें बसवून घ्यावा. धूळ, कोळ्याचीं जाळीं, पालीची घाण आणि अजाणतेपणीं लागणारा धक्का ह्या चारींपासून तो एकटा पुठ्ठा रक्षण करतो. इतका स्वस्त पहारेकरी दुसरा मिळावयाचा नाहीं.

धूळ झाडावयाची ती वर्षांतून एकदोनदांच, कोरड्या, मऊ केसांच्या रुंद कुंचल्यानें, वरून खालीं, हात हलका ठेवून. आधीं तिरक्या उजेडांत रंग सुटलेला नाहीं ना, हें पाहावें. सुटला असेल तर कुंचलाहि लावूं नये. पिसांचा झाडू वापरूं नये. त्याचीं टोंकें रंगाच्या कडांत अडकतात आणि पापुद्रा उचलून आणतात. ओलें फडकें नको, साबण नको, स्पिरिट नको. कापलेला बटाटा, कांदा, पावाचा गर, असले जे घरगुती उपाय पिढ्यान् पिढ्या सांगितले जातात, तेहि नकोत. त्यांचा ओलावा भेगांतून आंत उतरतो आणि मागें राहिलेला अंश बुरशीला आमंत्रण देतो. सर्वांत घातक उपाय म्हणजे चित्राला तजेला यावा म्हणून तेलाचा हात देणें. आठ दिवस चित्र झळकतें. नंतर तें तेल काळें पडतें, धूळ धरतें आणि रंगाशीं असें एकजीव होतें, कीं पुढें तें काढतांना रंगहि निघावा.

आणि येथें मी माझ्या मूळ मुद्द्यावर येतों. प्राण्याच्या चित्रांत सर्वांत मोलाचें काय असतें? डोळ्यांतला प्रकाशाचा बिंदु, नाकावरची ओल, मिशांचे केस, पाठीवरच्या लवेवर सरकणारी उन्हाची झांक. हें सर्व चित्रकार शेवटीं काढतो. म्हणजे तें सर्वांत वरच्या थरांत असतें, आणि पुष्कळदां तो थर पातळ, पाण्यासारख्या पारदर्शक रंगाचा असतो. वार्निश पुसणाऱ्याचा हात चुकला, तर पहिल्यानें जातो तो हाच थर. सिंह जागेवरच राहतो. पण त्याची नजर जाते. असें फार घासलेलें चित्र ओळखणें कठीण नसतें. त्यांतल्या जनावराचें अंग पेंढा भरल्यासारखें सपाट दिसतें. त्याची प्रत, त्याचें मोल आणि चित्रकाराच्या हाताची ओळख हीं तिन्ही एकदम नाहींशीं होतात, आणि तीं परत आणणारा कारागीर जगांत नाहीं. नवी मिशी काढतां येते. ती त्या चित्रकाराची नसते.

मग काळवंडलेलें चित्र तसेंच ठेवावयाचें काय? नाहीं. वार्निश वयानें पिंवळें आणि तपकिरी होतें, आणि तें काढून नवें देतां येतें. परंतु तें काम चित्रसंवर्धकाचें आहे. त्याच्याकडे केव्हां जावें? रंगाचे पापुद्रे सुटूं लागले, बुरशी दिसली, कापड फाटलें किंवा सैल पडून हेलकावूं लागलें, तर ताबडतोब जावें. फाटल्या जागीं मागून चिकटपट्टी लावूं नये. कापड सैल दिसलें म्हणून चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हातोडीनें ठोकूं नयेत. रंगाचा तुकडा पडलाच, तर तो कितीहि लहान असो, कागदांत घालून ठेवावा. चित्रावर पाणी पडलें तर तें उतरवून, रंगाची बाजू वर ठेवून, आडवें करावें. उन्हांत किंवा गरम वाऱ्याच्या यंत्रासमोर वाळवूं नये. घर बदलतांना रंगाच्या अंगाला वर्तमानपत्र किंवा फुगेदार प्लास्टिक थेट लागूं देऊं नये, आणि जागा अडते म्हणून कापड चौकटीवरून काढून गुंडाळूं नये.

संवर्धकास तीन प्रश्न विचारावे. कामापूर्वीं आणि कामानंतर छायाचित्रें देणार काय? काय करणार, तें लिहून देणार काय? आणि आज जें कराल, तें उद्यां दुसऱ्या तज्ज्ञास मूळ रंगास धक्का न लावतां काढतां येईल काय? ह्या तिसऱ्या प्रश्नास जो होय म्हणतो आणि कां होय, हें समजावून देतो, त्याच्या हातीं चित्र द्यावें. चित्र नव्यासारखें करून देतों, असें जो म्हणतो, त्याच्या दुकानाची पायरी चढूं नये. मुंबईस छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत कलावस्तूंच्या संवर्धनाचें केंद्र आहे. लखनौस केंद्र सरकारची ह्याच कामाची प्रयोगशाळा आहे. सल्ला घेण्यास अशा ठिकाणांपासून आरंभ करावा. आणखी एक गोष्ट लक्षांत असूं द्यावी. १९७२च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें चित्र पुरावस्तूंत मोडतें, आणि खासगी मालकास तें देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. परदेशांतल्या मुलाकडे तें नेण्याचा बेत करण्यापूर्वीं हें माहीत असलेलें बरें.

चांगल्या हातांत पडलेल्या चित्राचें काय होऊं शकतें, ह्याला दाखला पुन्हां क्लाराचाच. ऊद्रीचें तें प्रचंड चित्र जर्मनींत श्वेरीनच्या ड्यूकानें घेतलें. परंतु त्याच्या आकारामुळें तें भिंतीवरून उतरलें, गुंडाळलें गेलें आणि शंभराहून अधिक वर्षें लोकांच्या नजरेआड राहिलें. कापडाला इजा झाली, वार्निश तपकिरी पडलें. अलीकडे अमेरिकेंतल्या गेटी संग्रहालयांत तज्ज्ञांनीं त्यावर कांहीं वर्षें काम केलें आणि २००७ सालीं तें पुन्हां लोकांसमोर उभें राहिलें. तें वांचलें, ह्याचें एक कारण त्या तज्ज्ञांचें कौशल्य. आणि दुसरें, तितकेंच मोठें, असें कीं इतक्या वर्षांत कोणा उत्साही माणसानें फडकें घेऊन तें चकचकीत करून टाकलें नव्हतें. दुर्लक्षानें झालेली हानि पुष्कळशी भरून निघाली. उत्साहानें झालेली निघाली नसती.

शेवटीं, ह्या सगळ्या खटाटोपाचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. त्याला मी एका चित्राचें नांव सांगेन. मद्रासचा गव्हर्नर सर जॉर्ज पिगट ह्यानें इंग्लंडच्या राजाला हिंदुस्थानांतून एक चित्ता नजर केला होता. १७६४-६५च्या सुमारास स्टब्जनें त्या चित्त्याचें, त्याच्या दोन हिंदी रखवालदारांसह, तैलचित्र काढलें. तें आज मँचेस्टरच्या संग्रहांत आहे. मागचा देखावा आपल्याकडचा नाहीं. पण तो चित्ता आपल्याकडचा आहे. १९५२ सालीं चित्ता भारतांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. २०२२ सालीं कुनोच्या जंगलांत चित्ते सोडले, ते आफ्रिकेंतून आणावे लागले. आपल्या रानांतला तो चित्ता उन्हांत कसा उभा राही, त्याच्या पाठीचा बांक कसा होता, हें डोळ्यांनीं पाहून रंगांत लिहून ठेवणारे साक्षीदार फार थोडे आहेत.

आपल्या भिंतीवरचें चित्र कदाचित् इतकें थोर नसेल. तरीहि कोणीएक मनुष्य एका जिवंत जनावरासमोर बसला आणि त्यानें जें पाहिलें तें त्यानें तेथें ठेवलें आहे. येत्या रविवारीं तें चित्र उतरवा, तिरक्या उजेडांत पाहा, मागची बाजू वाचा, दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें घ्या, लांबीरुंदी मोजून एका वहींत लिहा, घरांतल्या वडील माणसांना तें कोठून आलें हें विचारून तेंहि त्याच वहींत टिपा, आणि मग चित्र होतें तसें परत लावा. फडकें मात्र त्या दिवशीं कपाटांतच राहूं द्या.